चाळीस ठिपक्यांची फुई

"डोकं संभाळ रे, डोकं. पडी जाई नहीतं."

हा आवाज कोणाचा ते चेतनाला कधीच कळलं नाही. पुरुषाचा होता, एवढं खरं. त्यात रडणं नव्हतं, घाईही नव्हती. लग्नातलं कपाट दारातून आत घेताना कोपरा चौकटीला लागू नये म्हणून माणूस बोलतो, तसा तो बोलला होता. मग ओट्याच्या दगडावर ठक्क झालं. तिनं ते पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. ती सहा वर्षांची होती आणि तिच्या डोळ्यांवर मायचा तळहात होता. माय पहाटेपासून मिरचीचे देठ खुडत बसलेली; त्या हाताची आग डोळ्यांत उतरली, पाणी घळघळ वाहायला लागलं, आणि जमलेल्या बाया म्हणाल्या, देखा वं, एवढीशी पोर, पन फुईसाठे कशी रडी ऱ्हायनी. फुई म्हणजे बापाची बहीण. रुपाफुई. चेतनाचा जीव होता तिच्यावर, पण ती रडत नव्हती, तिचे डोळे जळत होते. हे तिनं तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आणि पुढं सांगण्यासारखं काही उरलंच नाही, कारण त्या दिवसानंतर घरात फुईचं नाव कोणी घेतलं नाही.

आज सकाळी तो आवाज पुन्हा आला, दिनेशच्या एका ओळीच्या मागून. दिनेश नाशिकला असतो, खेळाचं प्रोग्रामिंग त्याचं. चित्रं आणि गोष्ट चेतनाची. दोघं आपापली नोकरी सांभाळून गेली दोन वर्षं हा खेळ करताहेत, जुन्या धाटणीचा, खुनाचा तपास लावायचा. दिनेशनं लिहिलं होतं: प्रेताचं माप चुकलंय का गं? पडद्यावर उभी माणसं साठ ठिपके उंच, प्रेत चाळीसच. लहान मुलाचं वाटतं. चादरही उघडत नाही. आणि शेवट? पुढच्या आठवड्यात खेळ बाहेर काढायचाय, खुनी कोण ते मला तरी सांग.

तिनं ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. खिडकीतून मिरचीचा खकाणा आत येत होता. नंदुरबारात या दिवसांत हवेलाच ठसका असतो. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरच्या वाळत पडतात, मैलच्या मैल लाल, आणि वारा फिरला की कॉलनीतलं प्रत्येक घर आळीपाळीनं खोकतं. ती उठली, पाणी प्यायली, बसली, परत उठली. माप चुकलं नव्हतं. ती माप चुकणारी नव्हती. हंडा, उंबरा, बैलाचं शिंग, सगळं ती मोजून काढायची. प्रेतही तिनं मोजूनच काढलं होतं, जसं पाहिलं होतं तसं. कारण डोळे झाकले जाण्याच्या आधीचा एक क्षण तिच्याकडे होता: खोलीचं दार अर्धं उघडं, जमिनीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, आणि ते इतकं लहान, की फुईनं पाय पोटाशी घेतले असतील असं तिला वाटलं होतं. मग आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ते दोन्ही हातांवर एकट्यानं उचललं. फुई उंच होती. दाराच्या वरच्या कडीला तिचा हात सहज पोचायचा. त्या हातांनी ती चेतनाला उचलून फिरवायची आणि स्वतःच जुळवलेलं काहीबाही गायची:

तापीमायना पानीमा, चांद उना वाकी,
भरनी मन्ही घागर, चांद ऱ्हायना बाकी.

घागर भरली तरी चंद्र उरतो कसा, असं चेतना विचारायची, आणि फुई म्हणायची, उरस ना, तो कोनाना घरमा मावस का? एवढी उंच बाई चाळीस ठिपक्यांत मावली कशी, हा प्रश्न चेतनाला कधी पडलाच नव्हता. मेल्यावर माणूस लहान होत असेल, असं सहा वर्षांच्या मुलीनं एकदा ठरवून टाकलं आणि अठ्ठावीस वर्षांच्या बाईनं ते तसंच चालू दिलं. आता दिनेशनं माप म्हटलं आणि आतमध्ये कुठंतरी खीळ सुटावी तसं झालं.

खेळ तिला सापडला तो शाळेतल्या कम्प्युटर क्लासात. सरांकडं एक जुनं मशीन होतं, त्यावर कुठल्यातरी धुक्याच्या देशातल्या बंगल्यातल्या खुनाचा खेळ. चित्रं ठिपक्याठिपक्यांची, रांगोळीत रंग भरावा तशी. खाली शब्दांची ओळ: पाहा, उचल, उघड, दे, बोल. इंग्रजी शब्द होते, ती डिक्शनरी घेऊन बसायची. तिला वेड लागलं ते कोड्याचं नव्हतं. तिथं कोणी मेलं, की विचारता यायचं. घरभर फिरा, प्रत्येकासमोर उभे राहा, 'बोल' दाबा, आणि माणसाला काहीतरी उत्तर द्यावंच लागायचं. न देण्याची सोय त्याला नव्हती. तिच्या घरात सगळ्यांना ती सोय होती. फुईचा फोटो भिंतीवर लागला नाही. पित्रांत पान वाढलं जायचं त्यात फुईचं पान नसायचं. पोलीस आले नाहीत, डॉक्टर आला नाही. आधीच्या दिवसांत खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि आतून फुईचं रडणं, आणि आप्पांचा ओरडा, जो सगळ्या आळीनं ऐकला: मन्हासाठे ती मरी गई. नंतर आप्पांनी त्यांच्या आईच्या, दगूबाईच्या हातून ताट घेणं सोडलं. म्हातारी भाकरी थापायची, पण ताट तिनं वाढलं तर आप्पा उठून जायचे. मग ते चेतनाच्या हातून पाठवलं जायचं. म्हातारी चुलीपाशी खाली मान घालून बसायची. चेतनानं हे सगळं गोळा केलं होतं, खेळात वस्तू गोळा करतात तसं. कुलूप. ओरडा. ठक्क. डोकं संभाळ. आजीची खाली मान, जिला काहीतरी माहीत आहे. एका वर्गमैत्रिणीनं डबा खाताना विचारलं होतं, तुन्ही फुईले तुन्हा बापनीच मारं ना? चेतनानं तिच्या डब्यातलं लोणचं घेतलं आणि म्हणाली होती, नही वं, ताप व्हता.

तेवढंच. आप्पांनी फुईला मारलं का, हे तिनं कधी आप्पांना विचारलं नाही, मायला नाही, पुण्यात असताना जो मुलगा तिला पाहायला आला होता आणि तुमच्या घरात कोण कोण असतं असं प्रेमानं विचारत होता, त्यालाही सांगितलं नाही. पुणं सोडून ती आईबापांकडे परत आली; घरून काम होतं, भाडं वाचतं, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर तिला इथं राहून पाहायचं होतं. आप्पा सकाळी तुळशीला पाणी घालतात, दुपारी झोक्यावर पेपर वाचतात, तिच्यासाठी खापर गावाहून जिलबी आणतात, ती थंड झालेली असते म्हणून स्वतःच हळहळतात. त्या हातांकडे ती बघत राहते. खेळात तिनं जनगणनेला आलेली एक मास्तरीण केली. ती तापीकाठच्या एका घरात माणसं मोजायला येते आणि एक माणूस कमी भरतं. सगळं काढून झालं होतं. फक्त शेवटी कोणावर बोट ठेवलं की खेळ संपतो, ती जागा तिनं रिकामी ठेवली होती. तिथं तिच्या मनात एक चेहरा होता. तो तिला माहीत होता. तो खरा की खोटा, एवढंच माहीत नव्हतं.

दुपारी ती लॅपटॉप घेऊन खाली आली, कारण वरची खोली पत्र्यानं तापली होती. आप्पा झोक्यावर होते. माय, बेबीबाई, जेवायला हाक मारायला आली आणि पदराला हात पुसत पडद्यावर वाकली.

"हाई तं आपलं गावनं घर शे."

"खेळ शे माय."

"खेळमा आपलं घर कसाले टाकं?"

"माले तेच काढता येस."

"अन हाई कोन? चालस कशी वं, गुडघा धरेल शेतस का हिना?"

"मास्तरीण शे. माणसे मोजाले येल शे."

"मंग बठाडा तिले, पानी द्या. उन्हमा उभी करी ठेवेल शे बिचारीले." मायनं खुर्ची ओढली. "सरक. मी चालाडस."

तिनं माऊस चिमटीत धरला, मिरची धरतात तसा, देठाकडून. मास्तरीण भिंतीला धडकली, गोठ्यात गेली, तिथंच उभी राहिली. मग मायला 'बोल' सापडलं आणि तिला दुसरं काही नको झालं. ती शेतातल्या सालदाराशी बोलली, शेजारणीशी बोलली, जीपवाल्याशी दोनदा बोलली. "हाऊ खोटं बोली ऱ्हायना," ती म्हणाली, "मान देख त्यानी." झोक्यावरून आप्पा हसले. "देख वं, तुन्ही सासू उनी. नाक तेच शे. नीट बोल, नहीतं उत्तर देवाव नही." माय म्हणाली, "जिती व्हती तवय कोठे देये." चेतनाही हसली. पाय टेबलाखाली हलत होते, ते तिला थांबवता येत नव्हते. तिला वाटत होतं, मायनं मागच्या खोलीकडे जाऊ नये, आणि वाटत होतं, जावं. माय गेली. दार उघडलं. पांढरं कापड दिसलं.

"हाई काय?"

"मरेल शे ती. तिनाच तपास शे."

"एवढंसं?"

"एवढंसंच व्हतं माय," चेतना म्हणाली. "तू मन्हा डोया झाकात, त्यान्हा पहिले मी देखं."

मायचा हात माऊसवरून उठून मांडीवर गेला. झोक्याची कडी वाजायची थांबली. आता कोणीतरी जेवायचं चला म्हणेल आणि सगळे उठतील, असं चेतनाला वाटलं. या घरात नेहमी कोणीतरी तसं म्हणतं. ते म्हटलं जाण्याच्या आत तिचं बोट पुढं गेलं. तिनं शेवटचा पडदा उघडला, जिथं संशयितांचे चेहरे असतात आणि एकावर बोट ठेवायचं असतं. चार चेहरे. सालदार. जीपवाला. मेलेल्या मुलीची आई. मेलेल्या मुलीचा थोरला भाऊ: टोपी, मिशी, डाव्या डोळ्याखाली तीळ, तो तिनं एका काळ्या ठिपक्याचा केला होता.

आप्पा उठून आले. खिशातून चष्मा काढला, घातला, बराच वेळ पाहिलं.

"हाऊ मी शे."

ते चेतनाकडे वळले.

"तुले वाटस, मी रुपाले मारं?"

तिला नाही म्हणायचं होतं. जिलबी, तुळस, झोका, सगळं आप्पांच्या बाजूनं उभं होतं, आणि जिभेवर मिरचीची पूड पडावी तसा तो शब्द बाहेर येईना. "माले माहीत नही, आप्पा," ती म्हणाली. "म्हणीसन तं याना शेवट व्हत नही."

"एवढा वरीस मन्हासंगे एका ताटमा जेवनी. हाई डोकामा ठेयीसन?"

"हो."

ते खाली बसले, खुर्चीवर नाही, जमिनीवर, भिंतीला टेकून. चेतनाला दिसलं की ते रागावलेले नाहीत. पेरलेलं उगवलं नाही ते बघायला माणूस शेतात वाकतो, तसे ते आपल्याच तळहातांकडे बघत होते. "चेतनानी माय, सांग तिले."

"तुम्ही सांगा," माय म्हणाली. "तुम्ही कयं, तुम्ही सांगा."

मग आप्पांनी सांगितलं, तुटक तुटक, कोणाचं तरी ऐकलेलं सांगावं तसं. रुपा मास्तरकीचं शिकायला जायची जीपनं. मोलगीचा एक गोकुळ म्हणून पोरगा होता तिच्या वर्गात, डोंगरातल्या माणसांचा. आपली पोर तिकडं? खोलीत कोंडलं, कुलूप लावलं. एका सकाळी खोली रिकामी. "गई ती त्यान्हासंगे. ती मरनी नही. आम्ही मारं तिले, पन तसं नही. चादरखाले पळसना पाने व्हतात. पळसना पाने, दोर, अन डोकाना जागे नारळ. गुरुजीनी सांगं तसं बाहुलं कयं. उचलताना नारळ पडना, ओटावर फुटना, दुसरा आना. तापीकाठे, प्रकाशाले लई जाईसन बाळी टाकं."

"जित्ता मानूसनं करतस असं?"

"आपलासाठे जो मरना, त्यानं करतस. करतस म्हणजे... तवय करेत."

नारळ. चेतनाला आधी फक्त नारळच कळला. डोकं संभाळ म्हणणारा तो कंटाळलेला आवाज नारळाबद्दल बोलत होता. आणि चाळीस ठिपके बरोबर होते. तिची नजर सहा वर्षांची असतानाही चुकली नव्हती. सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं. तिनं वाट पाहिली. सुटल्यासारखं वाटलं नाही. ज्या भिंतीला बावीस वर्षं पाठ लावून उभं राहिलो ती मागून काढून घेतली, तसं पाठीला गार लागलं. मग दुसरंच काहीतरी हलायला लागलं. फुई कुठंतरी चालत होती. तिच्या केसांत आता पांढरं असेल. गुडघे दुखत असतील. मोलगीच्या बाजारात भाव करत असेल, कोणाला तरी नवं काहीबाही जुळवून ऐकवत असेल. आणि इकडं आप्पांनी तिला पळसाच्या पानांची केली, आपण ठिपक्यांची केली. त्यांनी एकदा जाळली, आपण दोन वर्षं रोज सकाळी उठून तिच्यावर चादर घालतोय, कडा नीट करतोय, सावली देतोय. "तुम्ही कधी गयात नही तिकडे?" तिनं विचारलं. आप्पांनी मान हलवली. ती हो होती की नाही ते कळलं नाही.

"एक माले आजपावत समजनं नही," ते म्हणाले, आणि आवाज बदलला. त्यात जुनी धार आली, जिचं चेतनाला लहानपणी भय वाटायचं. "कुलूप मी लावं. किल्ली मन्हा कंबरले. सकायले कुलूप जसं ना तसं, दार जसं ना तसं, अन मजार, खोलीमा, कोनी नही. जीपवालाले इचारं. सालदारले चांगला धरी धरी इचारं. कोनले माहीत नही. मंग माले समजनं. बानी, मन्ही मायनीच, सोडी तिले. मायना जीव ना. बाले इचारं तं बा बोलनीच नही, हो नही अन नही बी नही. म्हणीसन मी तिना हातनं खादं नही, ती मरेपावत." ते उठले, टेबलाला धरून. पडद्याकडं बोट केलं. "तुले गुन्हेगार पाहिजे ना? ती देख. तिनावर दाब. तिनी तोंड उघाडं असतं तं मी पोरले परत आनी असती, हाई पानेसनं बाहुलं करानी येळ उनी नसती. दाब, पोरी. संपाड तुन्हा खेळ."

चेतनाचा हात माऊसवर होता. म्हातारीचा चेहरा तिनं फार जीव लावून काढला होता, सुरकुत्यांना जागा नसते इतक्या ठिपक्यांत, तरी दोन काढल्या होत्या. बाण त्या चेहऱ्यावर येऊन थांबला. आप्पा श्वास रोखून उभे होते, जणू खरंच काही संपणार होतं, आणि चेतनाला कळत होतं की हा माणूस बावीस वर्षं तिच्याच घरात तिच्याइतकाच जागा आहे, त्याचंही एक दार बंद आहे, आणि एक दाब दिला तर तो आज नीट जेवेल.

"नको दाबू," माय म्हणाली.

तिनं पदर खांद्यावर घेतला. पडद्याजवळ तोंड नेलं, एकेक चेहरा पाहिला, बियाण्यासाठी जोंधळ्याची कणसं पाहावीत तसा, सावकाश.

"यामा मी कोठे शे?"

"तू नही शे, माय."

"बरं." तिनं मान डोलावली, अपेक्षाच होती तशी. नवऱ्याकडं पाहिलं नाही. "धाबावर मिरच्या वाळत व्हत्यात. त्या झाकाना निमितनं मी शिडी लावी. त्या खोलीले वर सानं व्हतं, धाबाले उजेडसाठे ठेवेल भोक, तेवढं तुम्ही कोनीच देखं नही, कुलूप देखत बठनात. सानामाथून दोर सोडा. रुपा बारीक व्हती, पन मानूस व्हती, वजन लागनं. दोर मन्हा कंबरले बांधा व्हता. ती निंघनी, मन्हा पाय पडनी, मी म्हनं, पाय नको पडू, पळ." ती थांबली. खाकरली. "खाले देखस तं बा शिडी धरीसन उभी. माले काहीच बोलनी नही. शिडी उचली अन जागावर ठेयी उनी. सकायले तुम्ही तिलेच धरं. मन्हं नाव तिनी घेदं नही, तुम्ही ताट लोटं तरीबी नही."

"तू?" आप्पा म्हणाले.

"मी." आता ती त्यांच्याकडं वळली. "जीपवालाले इचारं, सालदारले इचारं, सोतानी मायले इचारं. माले इचारं असतं तं त्याच सकायले सांगी दिधं असतं, मंग जे व्हतं ते व्हतं. माले तुम्ही म्हनं, मानसे येल शेतस, चहा ठेव."